विमान आणि भूमिज

अंबरनाथच्या शिवमंदिरांत गाभाऱ्याकडे जावयाचें तर वर चढावें लागत नाहीं. मंडपांतून वीसएक पायऱ्या खालीं उतरावें लागतें. डोक्यावर मात्र उघडें आकाश, कारण शिखराचा वरचा भाग आज नाहीं. उत्तरद्वारावरील लेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ आहे. राजा शिलाहार मुम्मुणि. डॉ. भाऊ दाजींनीं त्यांतील पहिला अंक सात असा वाचल्यामुळें देऊळ दोनशें वर्षें अधिक जुनें ठरलें होतें, पुढें पं. भगवानलाल इंद्रजींनीं तो नऊ असल्याचें दाखविलें. एवढीशी रेघ दोन शतकें हालविते!

या शिखराची घडण भूमिज पद्धतीची. चारी बाजूंस उभ्या पट्ट्या आणि मधल्या जागेंत इवल्या शिखरांच्या चढत्या ओळी. या पद्धतीचें विवेचन धारच्या भोजराजाच्या नांवावरील 'समरांगणसूत्रधार' ग्रंथांत आहे. तो अकराव्या शतकांतलाच. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेनें तो १९२४-२५ सालीं छापला. त्यांत एक मौजेची कथा येते. ब्रह्मदेवानें देवांसाठीं आकाशगामी अशीं पांच विमानें निर्मिलीं आणि त्यांच्याच आकारावरून नगरांतून दगडविटांचे प्रासाद झाले. म्हणजे घर आधीं अंतराळांतलें, भूमीवरचें मागाहून. देवळालाहि विमान म्हणतात तें उगीच नव्हे.

याच ग्रंथाच्या यंत्राध्यायांत पारा व अग्नि यांच्या बळावर उडणारा लाकडी पक्षी आहे. रचनेचा तपशील मात्र गुप्ततेसाठीं दिला नाहीं, असें ग्रंथकार सांगतो. एवढ्यावरून आमच्या पूर्वजांनीं अंतराळयानें बांधलीं असें म्हणणारे सुशिक्षित लोक आम्हांस वारंवार भेटतात. त्यांचें आवडतें 'वैमानिकशास्त्र' बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं १९७४ सालीं तपासलें. तें विसाव्या शतकांतलें ठरलें आणि त्यांतील यंत्रें उडण्याजोगीं नाहींत असेंहि दिसून आलें.

परंतु पुरावा पोथींत कशाला शोधावा? तो दगडांतच आहे. अंबरनाथचा प्रत्येक चिरा वरच्या चिऱ्याच्या भारानें जागीं दाबला गेला आहे. वजन हाच त्याचा सांधा. अंतराळांत वजन जाणवत नाहीं. तेथें आंतील हवा भिंतींस बाहेर रेटते, म्हणून घर हवाबंद नळकांड्यासारखें गोल करावें लागतें. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकांत नोव्हेंबर २००० पासून माणसें अखंड राहत आहेत, तें असेंच आहे. शिल्पशास्त्रानें शिखराला दिलेलें भूमिज हें नांव, भूमीपासून जन्मलेलें या अर्थानें, आम्हांस फार नेमकें वाटतें. ज्यांनीं हा भार तोलला त्या पाथरवटांच्या पदरीं न केलेलीं विमानें घालून आपण त्यांची केलेली करामत झांकतों.

स्थानकांत घाम व मूत्र यांसह पाण्याचा सुमारें ९८ टक्के अंश परत पिण्याजोगा करतां येतो, हें २०२३ सालीं सिद्ध झालें. देवळाला लागून वालधुनी वाहते. कारखान्यांच्या व गटारांच्या पाण्यानें ती अशी झाली आहे कीं, अभिषेकासाठीं तिचा तांब्या भरावा असें कोणास वाटत नाहीं.