फुप्फुस बदललं, दम आला. पण पाय का थकतात?

फुप्फुस प्रत्यारोपण झालं, ऑक्सिजनची नळी सुटली, की घरच्यांना वाटतं आता सगळं पहिल्यासारखं. अंघोळ, बोलणं, झोप यांत मोठा फरक पडतोच. तरी चढावर किंवा जिन्यावर अनेक रुग्ण लवकर थकतात. तपासणीत त्यांची कष्टाची कमाल क्षमता अनेकदा निरोगी माणसाच्या ४० ते ६० टक्केच भरते.

दोष बहुतेक वेळा नव्या फुप्फुसाचा नसतो. लांबलेल्या आजारपणात मांड्यांचे स्नायू झिजलेले असतात. स्टिरॉईडच्या गोळ्यांनीही ते कमजोर होतात. पण गोळ्या मनाने बंद करू नका. शरीर नवं फुप्फुस नाकारू शकतं.

यावर उपाय व्यायामाचा. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने चालणं, सायकल आणि पायांचे व्यायाम काही महिने नियमित केले तर ताकद वाढते. सहा मिनिटांत किती मीटर चाललात, यावरून प्रगती कळते. त्यामुळे "तू बसून राहा" असं प्रेमाने म्हणणंही रुग्णाचं नुकसान करतं.

जड ओझं मात्र डॉक्टर सांगेपर्यंत नको. गोळ्यांमुळे प्रतिकारशक्ती कमी असते. म्हणून शेणखत, बुरशी आलेला कडबा आणि मळणीची धूळ यांपासून लांब राहा.

ताप, खोकला किंवा दम वाढला तर अंगावर काढू नका. त्याच दिवशी प्रत्यारोपण केलेल्या रुग्णालयाला फोन करा.