तुकडे करा, मोजा, परत शिवा

क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा इवलासा स्फटिक. कॅडमियम सेलेनाइडच्या ४ नॅनोमीटरच्या एका डॉटमध्ये हजाराच्या वर अणू असतात. आकार बदलला की प्रकाशाचा रंग बदलतो. १९९८ मध्ये अमेरिकेत चॅन आणि नी यांनी अशा डॉटला ट्रान्सफेरिन हे प्रथिन जोडून ते जिवंत पेशींत पोचवलं. डॉटवर झिंक सल्फाइडचं कवच, त्यावर गंधकाच्या टोकाने बसलेला एक छोटा रेणू, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला प्रथिन.

आता ही गंधकाची पकड किती घट्ट? ती सुटली तर प्रथिन एकीकडे, डॉट दुसरीकडे. शिवाय कवच नीट नसेल तर कॅडमियम बाहेर पडून पेशी मरतात, हे २००४ मध्ये दिसलं. म्हणजे हा हिशोब नुसता कागदावरचा नाही.

हिशोबाची गोम अशी: जुन्या हार्ट्री-फॉक पद्धतीत रेणू दुप्पट झाला की काम ढोबळमानाने सोळापट. एन चा चौथा घात! आपण असा कोड लिहिला तर रिव्ह्यूत सोलून काढतील.

याचं एक उत्तर पुण्यात गणेशखिंडला निघालं. अमेरिकेने क्रे संगणक द्यायला आढेवेढे घेतल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० आला. त्यामागचे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, म्हणजे आम्हा अमडापूरकरांचे शेजारीच की! पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने परमवर चालणारा इंडमोल हा प्रोग्राम लिहिला. तरीही मोठे रेणू आवाक्याबाहेरच. मग १९९४ मध्ये त्यांनी शिंपीकाम काढलं: रेणूचे एकमेकांवर चढणारे तुकडे करायचे, प्रत्येक वेगळा मोजायचा, आणि शेवटी शिवायचं. त्यातून रेणूभोवतीच्या विद्युत विभवाचा नकाशा मिळतो, आणि दुसरा रेणू कुठे येऊन बसेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

गंमत म्हणजे त्याच आवारात, भौतिकशास्त्र विभागात, सुलभा कुलकर्णी यांचा गट नव्वदच्या दशकात झिंक सल्फाइडचे नॅनोकण बनवत होता.

मग शिवा की डॉट! इथेच मेख आहे. प्रथिनातले इलेक्ट्रॉन बरेचसे आपापल्या जागी असतात, म्हणून कात्री चालते. डॉटमधला उत्तेजित इलेक्ट्रॉन मात्र अख्ख्या स्फटिकभर पसरलेला असतो, आणि रंग येतो तो त्यामुळेच. तो कापला की डॉट उरत नाही. म्हणून आजही बरेचदा पृष्ठभागाचा काही डझन अणूंचा तुकडा क्वांटम पद्धतीने मोजतात, आणि प्रथिनाची हालचाल न्यूटनच्या जुन्या नियमांवर सोडून देतात.