कापडासाठी गाळलेले पाणी

१/ परसातल्या तळ्याचे पाणी नितळ राहावे म्हणून अनेक हौशी मंडळी घरच्या घरी गाळणी उभी करतात. एका पिंपात गाळ खाली बसतो, दुसऱ्यात जाड खडी असते, तिसऱ्यात बारीक वाळू. या साध्या क्रमाने एके काळी एक अख्खे शहर महामारीतून वाचले. त्या क्रमाचा हा इतिहास.

२/ आपल्या कोयरीच्या नक्षीला इंग्रजीत 'पेझली' म्हणतात. हे नाव स्कॉटलंडमधील पेझली या विणकरांच्या गावावरून पडले. तेथे जॉन गिब यांचा कापड धुऊन शुभ्र करण्याचा कारखाना होता. कापड शुभ्र करायचे तर पाणी निर्मळ हवे, आणि कार्ट नदीचे पाणी तर गढूळ.

३/ १८०४ मध्ये गिब यांनी स्वतःच्या गरजेपुरती एक व्यवस्था उभारली. नदीचे पाणी आधी दगडांनी भरलेल्या चरातून झिरपत येई, मग निवळण्यासाठी थांबे, त्यानंतर खडी आणि वाळू यांतून जाऊन स्वच्छ पाण्याच्या टाकीत साठे. कारखान्याची गरज भागून उरलेले पाणी त्यांनी गावकऱ्यांना गॅलनला अर्धा पेनी या दराने विकले.

४/ या क्रमाला कारण आहे. वाळूवर थेट गढूळ पाणी सोडले, तर तिच्या कणांमधल्या फटी लवकर बुजतात आणि प्रवाह थांबतो. म्हणून जड गाळ आधी संथ पाण्यात तळाशी बसू द्यायचा, मोठा कचरा खडीने अडवायचा आणि बारीक कणांचे काम तेवढे वाळूवर सोपवायचे.

५/ त्या काळात लंडनच्या जलकंपन्या थेम्सचे पाणी जवळजवळ जसेच्या तसे घरोघरी पोचवीत. १८२८ मध्ये विल्यम हीथ या चित्रकाराने एक व्यंग्यचित्र काढले. सूक्ष्मदर्शकातून थेम्सचे पाणी पाहणाऱ्या बाईला त्यात अक्राळविक्राळ प्राणी दिसतात आणि भीतीने तिच्या हातचा चहाचा पेला निसटतो.

६/ चेल्सी जलकंपनीचे तरुण अभियंते जेम्स सिम्प्सन यांनी इंग्लंड-स्कॉटलंडमधील गाळण्या हिंडून पाहिल्या आणि १८२९ मध्ये सुमारे एक एकराची वाळूची गाळणी बांधली. १८५२ च्या कायद्याने लंडनमध्ये घरगुती वापराचे नदीचे पाणी गाळून देणे बंधनकारक केले. तोपर्यंत गाळण्याचा हेतू पाणी स्वच्छ दिसावे एवढाच होता. कॉलऱ्याचा जंतू त्या वेळी वैद्यकाच्या हिशेबात नव्हता.

७/ १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात कॉलऱ्याच्या जंतूचा अभ्यास केला. रोगाची लागण झालेल्या वस्तीतल्या एका तळ्याच्या पाण्यातही त्यांना तो जंतू सापडला. त्या तळ्याचे पाणी लोक पीत, आणि तेथेच कपडेही धूत.

८/ निर्णायक पुरावा १८९२ मध्ये जर्मनीत मिळाला. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही शेजारची शहरे. सीमेवरच्या काही रस्त्यांवर एक बाजू एका शहराची, दुसरी दुसऱ्याची. हॅम्बुर्ग एल्बे नदीचे पाणी न गाळता वापरी. आल्टोना तर हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतरचे, खालच्या अंगाचे पाणी घेई. परंतु १८५९ पासून ते वाळूतून गाळून.

९/ त्या ऑगस्टमध्ये कॉलरा आला. हॅम्बुर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसे मेली. आल्टोना बहुतांशी बचावले. हॅम्बुर्गच्या हद्दीतल्या, पण आल्टोनाच्या नळाचे पाणी पिणाऱ्या एका वसाहतीतही रोग शिरला नाही. हवा तीच, जमीन तीच, माणसेही त्याच थरातली. फरक केवळ पाण्याचा होता.

१०/ हे घडले कसे? पाणी संथपणे झिरपू लागले की वाळूच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर धरतो. जर्मन भाषेत त्याला 'श्मुत्सडेके', म्हणजे घाणीचे पांघरूण, म्हणतात. खरी राखण हा थर करतो. निर्जीव वाळू ज्यांना अडवू शकत नाही असे जंतू त्यात अडकतात आणि नष्ट होतात.

११/ मात्र ही राखण नाजूक असते. १८९३ च्या आरंभी आल्टोनातही कॉलऱ्याचा लहानसा उद्रेक झाला. हिवाळ्यात साफसफाई करताना एक गाळणी गोठली होती आणि तिच्यातून नीट न गाळलेले पाणी शहरात गेले, असा निष्कर्ष कॉख यांनी काढला. त्यांनी नियम सुचवले : पाणी वाळूतून तासाला १०० मिलिमीटरहून वेगाने उतरू नये, आणि प्रत्येक गाळणीच्या पाण्यातले जंतू वेगळे मोजले जावेत.

१२/ हॅम्बुर्गने १८९३ मध्ये आपली गाळणी सुरू केली. तिची गरज अभियंत्यांना कित्येक वर्षे आधीच ठाऊक होती. खर्चाच्या वादात ती रेंगाळली होती. पेझलीतल्या एका कारखानदाराने कापडासाठी जी काळजी १८०४ मध्ये घेतली, ती त्या श्रीमंत बंदराने आपल्या माणसांसाठी ८९ वर्षांनंतर घेतली.