ऊतकसंवर्धन आणि अर्बुदरोधक जनुके

शरीरातून काढलेले ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा म्हणजे पेशींचा समूह) निर्जंतुक पोषक माध्यमात शरीराबाहेर जिवंत ठेवून वाढविण्याच्या तंत्रास ऊतकसंवर्धन म्हणतात. कोशिकांच्या अनिर्बंध विभाजनास आळा घालणाऱ्या आणि ज्यांचे कार्य बंद पडल्यास अर्बुद (गाठ) उद्‌भवणे सुकर होते, अशा जनुकांना अर्बुदरोधक जनुके ही संज्ञा आहे. या दोन विषयांचे इतिहास एकमेकांत गुंतलेले आहेत. काचपात्रात जे सहज वाढते त्याचाच अभ्यास प्रथम होतो. आणि कर्करोगाच्या बाबतीत नेमके हेच दीर्घकाळ अडचणीचे ठरले.

भारतात या तंत्राचा पाया मुंबईत घातला गेला. परळ येथे १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले व १९५२ मध्ये विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच्‌.डी. मिळविलेल्या कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी पुढे अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतकसंवर्धनाचे शिक्षण घेतले. परतल्यावर त्यांनी मुंबईच्या केंद्रात भारतातील पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. मुंबईच्या संशोधकांपुढे प्रामुख्याने मुख, स्तन व गर्भाशयग्रीवा यांचे कर्करोग होते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने येथे बृहदांत्राच्या (मोठ्या आतड्याच्या) कर्करोगाचे प्रमाण कमी असल्याने त्याकडे लक्ष वळण्यास वेळ लागला. रणदिवे यांचे बरेचसे काम उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगावर होते आणि त्यात हॉर्मोने, विषाणू व आनुवंशिक प्रवणता यांच्या परस्परसंबंधांचा विचार होता. केवळ काचपात्रातील कोशिकांवर विसंबून राहण्याची वृत्ती त्यांच्या कामात दिसत नाही, ही गोष्ट पुढील घडामोडी पाहता विशेष नोंदण्यासारखी आहे.

गे यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्‌रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयग्रीवेच्या अर्बुदापासून ‘हेला’ ही कोशिका-परंपरा निर्माण झाली. यासाठी तिची अनुमती घेण्यात आली नव्हती. प्रयोगशाळेत अमर्याद काळ वाढत राहणारी ही पहिली मानवी कोशिका-परंपरा होय. तिच्या दीर्घजीवित्वाचा उलगडा कित्येक वर्षांनी झाला. या कोशिकांत मानवी पॅपिलोमा विषाणूच्या १८ क्रमांकाच्या प्रकाराची जनुके आहेत. त्यांपासून तयार होणारे एक प्रथिन पी-५३ या अर्बुदरोधक प्रथिनाचा नाश घडवून आणते व दुसरे रेटिनोब्लास्टोमा प्रथिन निष्प्रभ करते. म्हणजे ज्या कोशिका जगभरच्या प्रयोगशाळांत सर्वाधिक जोमाने वाढल्या, त्यांतील लगाम आधीच सुटलेले होते. निरोगी बृहदांत्राच्या अस्तराच्या कोशिका मात्र त्या काळातील पद्धतींनी पात्रात फार काळ टिकत नसत.

अर्बुदाला रोखणारे काही तरी कोशिकेत असते, याचा स्पष्ट पुरावा १९६९ मध्ये हेन्‌री हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. मारक कोशिकेचा सामान्य कोशिकेशी संयोग केल्यास तिचा मारकपणा दबतो, असे त्यांना आढळले. १९७१ मध्ये ॲल्फ्रेड नड्‌सन यांनी मुलांच्या डोळ्यांतील रेटिनोब्लास्टोमा या अर्बुदाच्या ४८ रुग्णांच्या अभ्यासावरून दोन आघातांची कल्पना मांडली. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्याखेरीज अर्बुद होत नाही, असा तिचा आशय आहे. पी-५३ प्रथिनाचा शोध १९७९ मध्ये लागला. पण त्यानंतर सुमारे दहा वर्षे त्याचे जनुक कर्करोगास चालना देणारे मानले जात होते. कारण प्रयोगांसाठी वेगळ्या केलेल्या सुरुवातीच्या प्रती बहुधा अर्बुदांच्या कोशिकांतून आल्या होत्या व त्यांत उत्परिवर्तन (आनुवंशिक बदल) झालेले होते. बिघडलेल्या नमुन्यावरून मूळ यंत्राचे कार्य ठरविण्यासारखाच हा प्रकार होता. १९८९ मध्ये बॉल्टिमोर येथे बर्ट व्होगलस्टीन यांच्या गटाने बृहदांत्राच्या अर्बुदांचा अभ्यास केला आणि ही चूक दुरुस्त होण्यास मोठी मदत झाली. १९९१ मध्ये ए.पी.सी. हे जनुक सापडले. हे जनुक जन्मतःच सदोष असलेल्या व्यक्तींच्या बृहदांत्रात शेकडो मोड (लहान गाठी) उगवतात.

पुणे येथे १९८६ मध्ये प्राणिकोशिका व ऊतक संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा सुरू झाली. तीच आजची राष्ट्रीय कोशिका विज्ञान संस्था होय. तेथून देशभरातील संशोधकांना कोशिका-परंपरा पुरविल्या जातात. बृहदांत्राच्या कर्करोगाची ‘एचटी-२९’ ही परंपरा त्यांपैकीच एक आहे. औषधांच्या चाचण्यांना ती उपयुक्त आहे. पण तिच्यात ए.पी.सी. व पी-५३ या दोहोंची जनुके सदोष असल्याने निरोगी कोशिका पहिले पाऊल कशी चुकते, हे तिच्यावरून पाहता येत नाही.

ही उणीव ऑर्गनॉइडांनी, म्हणजे अवयवकल्पांनी, भरून काढली. नेदर्लंड्समधील उत्रेख्त येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी २००९ मध्ये उंदराच्या लघ्वांत्रातील एका मूलकोशिकेपासून अस्तराची सूक्ष्म प्रतिकृती वाढविली. २०११ मध्ये मानवी बृहदांत्राच्या बाबतीतही हे साधले. कोशिका सपाट काचेवर न पसरता एका मऊ जेलीत गोलाकार वाढतात. ही जेली उंदराच्या अर्बुदापासूनच मिळवितात, हा एक विलक्षण योगायोग. निरोगी अवयवकल्पास माध्यमातून ठराविक वृद्धिघटक पुरवावे लागतात, आणि प्रयोगाची किल्ली यातच आहे. ए.पी.सी. निकामी केल्यास कोशिकांना ‘डब्ल्यूएनटी’ या संकेताची गरज उरत नाही. तो घटक माध्यमातून वगळला की केवळ त्या बदललेल्या कोशिकाच तग धरतात. एकेक लगाम तोडून त्याचे कार्य असे ओळखता येते. २०१५ मध्ये उत्रेख्त व टोकिओ येथील दोन गटांनी निरोगी मानवी आंत्रकोशिकांत क्रिस्पर या जनुकसंपादन तंत्राने असे बदल क्रमाने घडवून आणले. टोकिओच्या गटाने पाच जनुके बदललेले अवयवकल्प उंदरांत रोपिले असता अर्बुदे झाली. परंतु दूरच्या अवयवांत त्यांचा फैलाव अत्यल्प राहिला. गुणसूत्रांची अस्थिरता आधीच असलेल्या गाठींपासून बनविलेले अवयवकल्प मात्र यकृतात मोठ्या प्रमाणावर पसरले.