खारेपाटण : खाडीकाठच्या एका लहान वसतीचा इतिहास

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने गेल्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा घेणे हे स्मरणिकेचे पहिले काम होय. परंतु पन्नास वर्षांपूर्वी संस्था स्थापन झाली तेव्हा समाज काही नव्याने जन्मास आलेला नव्हता. त्याआधी आपले पूर्वज कोठे होते, कोणत्या वाटेने आले आणि थोड्या संख्येने राहूनही त्यांनी आपला धर्म व आचार कसा टिकविला, हे प्रश्न प्रत्येक जिज्ञासू श्रावकाच्या मनात येतात. दक्षिण कोकणापुरते या प्रश्नांचे उत्तर शोधू लागलो की पावले आपोआप खारेपाटणकडे वळतात.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली तालुक्यातले हे गाव मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला दोन मिनिटांत मागे पडणारे वाटते. महामार्गापेक्षा फार जुनी अशी त्याची ओळख मात्र पाण्याची आहे. विजयदुर्गच्या खाडीने समुद्रापासून सुमारे चाळीस किलोमीटर आत यावे आणि तेथे घाटमाथ्यावरून उतरणाऱ्या वाटा मिळाव्यात, असे हे ठिकाण. भरतीबरोबर गलबते वर यायची आणि बैलांच्या पाठीवरून घाटावरचा माल खाली उतरायचा. मीठ, नारळ, तांदूळ, कापड यांची अदलाबदल जेथे होते तेथे पेठ वसते आणि जेथे पेठ वसते तेथे व्यापारी समाज स्थिरावतो. ‘पाटण’ हा शब्दच त्या वैभवाची साक्ष देतो.

या गावाचे नाव इतिहासात अमर झाले ते येथे मिळालेल्या ताम्रपटांमुळे. त्यांतील पहिला शके ९३० म्हणजे इ. स. १००८ मधील, दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील रट्टराजाचा आहे. सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहा राजांची नावे त्यात क्रमाने दिली आहेत. त्यांच्याआधीच्या राष्ट्रकूट सम्राटांची वंशावळही आहे. हा ताम्रपट नसता तर दक्षिण कोकणच्या अडीचशे वर्षांच्या राजवटीचे चित्र आपणास आज जवळजवळ दिसलेच नसते. दान आहे ते आत्रेय नावाच्या शैव आचार्यांस, अव्वेश्वर देवालयासाठी. तीन गावांच्या दानाबरोबरच, परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण देवालयास द्यावा असेही त्यात नमूद आहे. हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर परदेशी जहाजे इतक्या नेमाने येत होती की त्यांच्यावर देवालयाचा खर्च चालावा! देवालयाच्या सेवेसाठी तेली, माळी, कुंभार आणि परीट यांची कुटुंबेही नेमून दिलेली आहेत. राजांच्या नावांइतकीच ही साधी नोंद मोलाची आहे, कारण त्यातून त्या काळची वसती डोळ्यांसमोर उभी राहते.

या ताम्रपटाचे वाचन विद्वानांपुढे प्रथम मांडले ते बाळशास्त्री जांभेकरांनी. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. पण त्यांचे जन्मगाव पोंभुर्ले हे याच परिसरातले, देवगड तालुक्यातले, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. कोकणच्या मातीत निघालेला लेख कोकणच्याच सुपुत्राने वाचला, ही गोष्ट आपणा सर्वांस अभिमानाची आहे. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडितांनी त्याचे पुन्हा संपादन केले आणि म. म. वा. वि. मिराशी यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिलाहारांच्या लेखसंग्रहात त्याला योग्य स्थान दिले.

दुसरा ताम्रपट शके १०१६ (इ. स. १०९४-९५) चा, उत्तर कोकणच्या शिलाहार अनंतदेवाचा. त्याचे वाचन न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी प्रसिद्ध केले. बलिपत्तन येथील दुर्गश्रेष्ठीचा पुत्र भाभणश्रेष्ठी आणि त्याचा बंधू धणामश्रेष्ठी यांच्या जहाजांना ठाणे, सोपारा, चौल आणि नागपूर (हे विदर्भातील नव्हे, किनाऱ्यावरचे) या बंदरांत जकात माफ केल्याची ती सनद आहे. बलिपत्तन म्हणजेच खारेपाटण असे काही अभ्यासक मानतात, तर काहींना ते मान्य नाही. पण एका व्यापारी कुटुंबाची स्वतःची जहाजे दक्षिणेपासून ठाण्यापर्यंत फिरत होती आणि राजा त्यांचा सन्मान करीत होता, एवढे निर्विवाद आहे.

येथे आपण थोडे थांबले पाहिजे. ‘श्रेष्ठी’ हा शब्द वाचताच ते आपलेच पूर्वज असावेत असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ते जैन होते असे ताम्रपटात कोठेही म्हटलेले नाही. श्रेष्ठी ही व्यापाऱ्यांची पदवी होती आणि ती केवळ एका धर्माच्या लोकांपुरती मर्यादित नव्हती. सत्य हे अणुव्रत मानणाऱ्या समाजाने आपल्या इतिहासातही ते पाळावयास हवे. मिळालेल्या पुराव्याहून अधिक काही सांगणे हे पूर्वजांचा गौरव वाढविणारे नसून त्यांच्याविषयीचा विश्वास घालविणारे आहे.

मात्र निःशंकपणे सांगता येईल असेही पुष्कळ आहे. घाटमाथ्यावर कोल्हापूरच्या शिलाहारांच्या छत्राखाली जैन धर्म भरभराटीस आला होता. शके १०६५ (इ. स. ११४३) च्या कोल्हापूर येथील आणि शके १०७३ च्या बामणी येथील शिलालेखांत पार्श्वनाथ मंदिरांस दिलेल्या दानांची नोंद आहे. गंडरादित्याने आजऱ्यास उभारलेल्या त्रिभुवनतिलक जिनालयात शके ११२७ (इ. स. १२०५) मध्ये सोमदेवांनी ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणग्रंथ पूर्ण केला. हा सारा प्रदेश बावडा आणि फोंडा घाटांच्या माथ्यावरचा, म्हणजे कोकणच्या पेठांशी रोजच्या देवघेवीने बांधलेला. बैलांच्या तांड्याबरोबर माल उतरला तसा त्या वाटेने धर्मही उतरला असावा, असा तर्क केल्यास वावगे ठरणार नाही.

या तर्कास पुष्टी मिळते ती १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमधून. खारेपाटणात कर्नाटकी जैनांची वसती असून दक्षिण कोकणात जवळजवळ एवढेच जैन आहेत, त्यांचे मंदिर आहे आणि त्यातील काळ्या पाषाणाची लहान मूर्ती प्रवाहाच्या पात्रात सापडलेली आहे, अशी नोंद तेथे आहे. ‘कर्नाटकी’ या एका शब्दाने घाटमाथ्याशी असलेले नाते स्पष्ट होते. मूर्ती पात्रात कशी गेली? संकटकाळी जपून ठेवण्यासाठी विसर्जित केली, की पुराने वाहून आणली? याचे उत्तर त्या दोन ओळी देत नाहीत. पण ती मिळताच या मूठभर घरांनी तिला मस्तकी धरून मंदिरात स्थापिले, एवढ्यावरून त्यांची श्रद्धा कळून येते.

पुढे खाडी गाळाने भरत गेली. मोठी गलबते वाघोटणच्या वर येईनाशी झाली. आगबोटी आल्या, मग मोटारी आल्या आणि पेठेचे महत्त्व ओसरले. कोकणातल्या प्रत्येक समाजाप्रमाणे तरुण पिढी मुंबई, पुणे, कोल्हापूरकडे निघाली. जी घरे मागे राहिली त्यांनी नित्य पूजा, पर्युषण आणि दशलक्षण पर्व खंडित होऊ दिले नाही. संख्येने अल्प असलेल्या समाजाचा हा पराक्रम कोणत्याही ताम्रपटावर कोरलेला नाही.

आणि खेदाची गोष्ट हीच आहे. राजांनी तांब्यावर कोरले म्हणून हजार वर्षांनी जहाजावरचा गद्याणसुद्धा आपणास मोजता येतो. तेल्या-माळ्यांची कुटुंबेही त्या पत्र्यावर आली. आपल्या समाजाच्या वाट्याला मात्र एका परक्या सरकारच्या दप्तरातील दोन ओळी आल्या, कारण आपण स्वतः लिहून ठेवले नाही. जे लिहिले ते चोपड्यांत, मंदिराच्या जमाखर्चात आणि दानपावत्यांवर. त्या वह्या आज माळ्यावरच्या पेटीत कसरीच्या तोंडी पडत आहेत. घर विकले की पेटी रद्दीत जाते आणि वृद्ध माणूस गेले की शंभर वर्षांची स्मृती त्याच्याबरोबर जाते.

तेव्हा सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने एक संकल्प करावा. घरातील जुनी चोपडी, पत्रे आणि मंदिरातील मूर्तींच्या पीठावरील लेख यांची छायाचित्रे काढून संस्थेच्या दप्तरी द्यावीत. घरातील ज्येष्ठांकडून मूळ गाव, व्यवसाय आणि स्थलांतराची हकीकत तारीखवार लिहून घ्यावी. तांब्याचा पत्रा नको, साधी वही पुरे. शताब्दीची स्मरणिका लिहिणाऱ्यांस आपल्याप्रमाणे दोन ओळींवर तर्क करीत बसावे लागू नये, एवढीच अपेक्षा.

जय जिनेंद्र!