शिनकानसेन : नियोजन, विस्तार आणि खर्चाचा प्रश्न

जपानच्या युद्धोत्तर पुनरुत्थानाचे प्रतीक म्हणून १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झालेल्या टोकियो–ओसाका अतिजलद रेल्वेमार्गाचा नेहमी उल्लेख होतो. वस्तुतः या मार्गाची मूळ कल्पना युद्धकाळातील आहे. टोकियो ते शिमोनोसेकी या नव्या रुंद मार्गाच्या योजनेला १९४० मध्ये मान्यता मिळाली होती. त्यासाठी १९४१ मध्ये शिन-तान्ना बोगद्याचे खोदकाम सुरू झाले. परंतु युद्धाची झळ वाढताच १९४३ मध्ये ते थांबले. हाच अर्धवट बोगदा पुढे उपयोगी पडला.

१९५० च्या दशकात जुना तोकायदो मार्ग अपुरा पडू लागला होता. देशातील एकूण लोहमार्गांच्या सुमारे ३ टक्के लांबीच्या या मार्गावर जवळजवळ एकचतुर्थांश वाहतुकीचा भार होता. जपानी लोहमार्गाची रुंदी १०६७ मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडील मीटरगेजहून किंचितच अधिक. त्याच रुंदीचे आणखी दोन रूळ टाकावेत, असे अनेकांचे मत होते. मोटारी व विमानांच्या युगात नवा लोहमार्ग हवाच कशाला, असेही विचारले जात होते. राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी आणि मुख्य अभियंता शिमा हिदेओ यांनी मात्र १४३५ मिलिमीटर रुंदीच्या स्वतंत्र मार्गाचा आग्रह धरला. ताशी २१० किलोमीटर वेगाची गाडी जुन्या वळणदार मार्गावर चालणे शक्यच नव्हते.

मंजुरी मिळावी म्हणून खर्चाचा अंदाज हेतुतः कमी, म्हणजे २०० अब्ज येनच्या आत दाखविण्यात आला. १९६१ मध्ये जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलरचे कर्ज घेतल्यामुळे शासनाला प्रकल्पातून माघार घेणे अवघड झाले. प्रत्यक्ष खर्च सुमारे ३८० अब्ज येनपर्यंत गेला आणि १९६३ मध्ये सोगो व शिमा दोघेही पदावरून दूर झाले. ही युक्ती दूरदृष्टीची होती असे म्हटले जाते. मार्ग फायद्यात चालला म्हणूनच हे म्हणता येते, हे विसरता कामा नये.

पुढील विस्तार निराळ्या स्वरूपाचा होता. १९७५ मध्ये मार्ग हाकातापर्यंत पोहोचला, तोवर वाहतुकीची निकड हेच मुख्य कारण होते. १९७० च्या कायद्याने मात्र प्रादेशिक विकास हे उद्दिष्ट ठरविले आणि मार्गनिश्चितीत राजकारणाचा प्रभाव वाढला. नागोया येथील रहिवाशांनी १९७४ मध्ये आवाज व कंपनांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. १९७५ मध्ये आवाजाची मानके निश्चित झाली. १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन झाले, तेव्हा तिच्यावरील कर्ज सुमारे ३७ लाख कोटी येन होते. हा सर्व भार शिनकानसेनचा नव्हता. तोट्यातील ग्रामीण मार्ग आणि निवृत्तिवेतनही त्याला कारणीभूत होते.

त्यानंतरच्या मार्गांसाठी स्थानिक शासनांनी खर्चाचा वाटा उचलावा आणि समांतर जुना मार्ग रेल्वे कंपनीने सोडून देता यावा, असे धोरण आले. १९९७ मध्ये नागानोपर्यंत नवा मार्ग सुरू झाला, त्याच दिवशी योकोकावा–कारुइझावा हा घाटातील जुना रेल्वेमार्ग बंद करण्यात आला. तेथील प्रवाशांसाठी उरली ती बस.