बाथरूमला व्हेंट पाईप का लागतो? टाइल्स बसवण्याआधी ड्रेनेज कसं तपासायचं?

नवीन बाथरूम, महागड्या टाइल्स, ब्रँडेड कमोड. आणि दोनच महिन्यांत नहाणी ट्रॅपमधून कुबट वास! मग आधी फिनेल ओतलं जातं, नंतर जाळी बदलली जाते. तरीही वास जात नाही, कारण बरेचदा दोष दिसणाऱ्या भागात नसतोच. तो लादीखाली गाडलेल्या पाईपमध्ये असतो. किंवा छतापर्यंत जायला हवा होता, पण कुणी बसवलाच नाही, अशा पाईपचा असतो.

व्हिडिओ पाहून किंवा मिस्त्रीला हाताशी धरून स्वतःच बाथरूम करणाऱ्यांकडून हा व्हेंट पाईप सहज राहून जातो. त्यातून पाणी वाहत नाही, त्यामुळे त्याचा खर्च फुकटचा वाटतो.

घर आणि गटार यांच्यामध्ये फक्त ५ सेंटीमीटर पाणी

कमोड, बेसिन, नहाणी या प्रत्येकाखाली एक वळण असतं. तोच ट्रॅप. अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये अशा वळणाच्या संडासाचं पेटंट घेतलं आणि कल्पना आजही तीच आहे. वळणात पाणी साचून राहतं आणि गटारातली हवा घरात येऊ देत नाही. याला वॉटर सील म्हणतात. ते किमान ५० मिलिमीटर खोल असावं. ट्रॅप घेताना दुकानातच टेपने मोजून घ्या, कारण उथळ ट्रॅपही सर्रास विकले जातात.

अडवायची ती हवा नुसती घाण वासाची नाही. त्यात सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाईड असतो. त्याचं प्रमाण फार वाढलं तर नाकाला वास येणंच बंद होतं. शिवाय पेट घेणारा मिथेनही असतो.

हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत २००३ मध्ये ३०० हून अधिक जणांना सार्सची लागण झाली. तपासात बोट दाखवलं गेलं ते बाथरूममधल्या फरशीच्या ट्रॅपकडे. फरशी धुण्याऐवजी पुसली जात असल्याने अनेक ट्रॅप कोरडे पडले होते. एक्झॉस्ट फॅन लावला की पाईपमधली हवा घरात खेचली जात होती. आपल्याकडे वर्षभर बंद असलेलं कोकणातलं घर गणपतीला उघडल्यावर जो वास येतो, त्याचंही एक कारण हेच असतं. घर बंद करताना ट्रॅपमध्ये पाणी भरून वर दोन चमचे खाद्यतेल सोडलं, तर पाणी लवकर उडून जात नाही.

तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडतात?

पण रोज वापरात असलेला ट्रॅप कसा रिकामा होतो? १५ किलोच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं, तर तेल गचके खात पडतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की धार सरळ लागते, कारण आत हवा शिरते. ड्रेनेजचंही तसंच आहे. फ्लश केल्यावर पाईपमधून उतरणारं पाणी मागची हवा ओढत नेतं. ती हवा वरून मिळाली नाही, तर ओढ शेजारच्या ट्रॅपवर येते आणि त्यातलं पाणी खेचलं जातं. फ्लशनंतर नहाणीतून 'गुडगुड' आवाज येत असेल, तर हेच चाललेलं असण्याची दाट शक्यता आहे.

व्हेंट पाईप म्हणजे हे दुसरं भोक. तो ट्रॅपच्या जवळ, ट्रॅपनंतरच्या पाईपमधून वरच्या बाजूने निघावा. बेसिनच्या काठापेक्षा उंच गेल्याशिवाय तो आडवा वळवू नये, नाहीतर बेसिन तुंबल्यावर घाण व्हेंटमध्ये शिरते. त्याचं तोंड छताच्या वर, खिडक्यांपासून लांब असावं. पावसाच्या पाण्याच्या पाईपला तो जोडणं ही शुद्ध पळवाट आहे. सेप्टिक टँकच्या व्हेंटला काऊलबरोबर बारीक जाळीही हवी, कारण डास तिथूनच ये-जा करतात. बाजारात एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह मिळतो. तो हवा आत घेतो, पण आतला दाब बाहेर सोडत नाही. त्यामुळे छतावरच्या मुख्य व्हेंटला तो पर्याय ठरत नाही.

झाकण्याआधी तपासा

बाथरूममध्ये पाणी साठवून ठेवतात ती पाँडिंग टेस्ट वॉटरप्रूफिंगची असते. तिच्यावरून पाईपचे जोड कळत नाहीत. त्यांची चाचणी वेगळी आणि ती कोबा पडण्याआधीच करावी लागते.

आधी ढाळ बघा. आडव्या पाईपला दर मीटरला साधारण २ सेंटीमीटर उतार हवा. हा लेव्हल ट्यूबने मोजा, 'अंदाजे आहे' हे उत्तर चालवून घेऊ नका. रबर रिंगच्या जोडात पाईप पूर्ण आत ढकलून सुमारे १ सेंटीमीटर मागे घेतलेला असावा, कारण उन्हाने पाईप वाढतो. सोल्युशनने चिकटवलेले जोड एक दिवस सुकू द्या.

मग चेंबरकडच्या तोंडाला टेस्ट प्लग लावा, बाकीची खालची तोंडं बंद करा आणि सर्वात वरच्या तोंडातून हळूहळू पाणी भरा. बुडबुडे थांबले की पातळीवर खूण करा. अमेरिकेतल्या प्लंबिंग नियमांनुसार १० फूट उंचीचं पाणी १५ मिनिटं न उतरता टिकावं लागतं. घरच्या कामात रात्रभर ठेवता आलं तर उत्तमच. एवढ्या पाण्याने रबर रिंगचे जोड निसटू शकतात, म्हणून क्लॅम्प आधी आवळा. प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवला की बारीक पाझरही दिसतो. फ्लॅटमध्ये सोसायटीच्या मुख्य उभ्या पाईपला हात न लावता फक्त आपला फाटा तपासा. कंप्रेसरची हवा मात्र पीव्हीसी पाईपमध्ये कधीही भरू नका. पाईप फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात. आणि सेप्टिक टँकमध्ये काय चाललंय हे बघायला डोकं आत घालू नका, आत उतरू तर नकाच.

कमोड, बेसिन बसल्यावर शेवटची चाचणी सोपी आहे. बेसिन काठोकाठ भरा, बादली नहाणीजवळ ओता, पाणी स्थिर झालं की ट्रॅपमधली पातळी बघून ठेवा. मग बेसिन सोडा आणि त्याच वेळी फ्लश करा. नहाणीतलं पाणी थोडं हललं तर ठीक, उतरलं तर व्हेंट कमी पडतोय. पाईप झाकण्याआधी मोजपट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढलेले असतील, तर नेमकं कुठे फोडायचं हे तेव्हा शोधत बसावं लागत नाही.